हिमालयाचे झाड खरवईच्या अंगणात

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापूरला येते. स्थानकाच्या पश्चिम अंगाला उल्हास नदी आणि जुने बदलापूर गाव, तर पूर्व अंगाला कुळगाव, कात्रप आणि खरवई. खरवई हे नाव आजकाल बहुतेकांना औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असते. गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. कारखान्यांच्या भिंती, नव्या इमारती आणि त्यांच्यामध्ये अजून तग धरून असलेली भाताची खाचरे असे आजचे खरवई आहे. पावसाळ्यात ढग जरा उघडले की चंदेरीचा सुळका दिसतो आणि माणसाला क्षणभर वाटते, आपण शहरात नाहीच.

या भागातल्या शेतकऱ्याची अडचण वेगळीच आहे. जमिनीचा भाव वाढला, पण जमीन राहिली नाही. आजोबांकडे चार एकर होती, ती मुलांत वाटली गेली, काही विकली गेली, काही रस्त्यात गेली. उरलेल्या दहा-पंधरा गुंठ्यांत भात घेऊन घर चालत नाही. अशा वेळी घरातली तरुण मंडळी थोड्या जागेत जास्त पैसा देणारे काही शोधू लागतात. पुढच्याच स्टेशनावर, वांगणीला, रोपवाटिका आहेत. मुंबई-ठाण्याची गिऱ्हाइके मोटारी भरून रोपे नेताना रोज दिसतात. मग मनात येते, आपणही का करू नये?

अशाच एका घरी मला बोलावणे आले होते. घरात सासरे, मुलगा आणि सून. सून बारावी शिकलेली, बचत गटाचे हिशेब सांभाळणारी. तिने ठरवले होते की कर्ज काढून जुनिपरची दोनशे रोपे आणायची, दोन-तीन वर्षे वाढवून बोन्साय म्हणून विकायची. मोबाईलवर तिने जपानी बोन्सायची चित्रे पाहिली होती. वळलेले खोड, त्यावर पांढरी वाळलेली साल, वर हिरव्या ढगासारखा पाला. एकेका झाडाची किंमत ऐकून घरातले सगळेच थक्क झाले होते. सासरे मात्र म्हणाले, "साहेब, झाड नुसतं देखणं असून काय उपयोग? ते आपल्या पावसात जगंल का, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याचा प्रश्न अचूक होता. शेतकरी बंधू-भगिनींनो, कोणतेही नवे पीक घ्यायच्या आधी हाच प्रश्न विचारावा लागतो. तो बोन्सायलाही लागू आहे. झाड कुंडीत असले म्हणून त्याचे हवामान कुंडीत येत नाही.

जुनिपरचे माहेर

जुनिपर हे सूचिपर्णी कुळातले झाड. त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत आणि जवळपास सगळ्या पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातल्या. कोवळेपणी पाला सुईसारखा टोचरा असतो, झाड मोठे झाले की बहुतेक जातींत तो खवल्यांसारखा मऊ होतो. आपल्या देशात जुनिपर हिमालयात आढळतो. आयुर्वेदात हपुषा म्हणून जी निळसर-काळी फळे सांगितली आहेत ती जुनिपरचीच. लडाखमध्ये एका जातीला शुक्पा म्हणतात आणि देवापुढे तिचा पाला धूप म्हणून जाळतात. महाराष्ट्राच्या रानात मात्र जुनिपर मुळीच नाही. सह्याद्रीत कितीही फिरा, तो आपसूक उगवलेला दिसणार नाही.

का नाही, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. जुनिपर मुख्यतः थंडीचे, उन्हाचे आणि निचऱ्याचे झाड. खडकाच्या फटीत, उतारावर, बर्फाखाली ते शेकडो वर्षे जगते. हिवाळ्यात झाड विश्रांती घेते, जणू आपले भांडवल राखून ठेवते. उन्हाळ्यात दिवसा ऊन लागते, पण रात्र गार असते. रात्र गार असली की दिवसभर पानांनी तयार केलेले अन्न झाडाला पुरते. रात्रही उकाड्याची असेल तर झाडाचा श्वास जोरात चालतो आणि दिवसाची कमाई रात्री खर्च होते.

आता खरवई पाहा. समुद्रसपाटीपासून उंची फारशी नाही. एप्रिल-मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात थंडी पडते, पण ती काही आठवड्यांची, आणि बर्फ-दहिवराचे तर नाव नाही. पावसाचे तर विचारूच नका. लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्याकडे तेवढा पाऊस जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना नावांनी बाहेर काढावे लागले. अशा मुलखात कोरड्या खडकावरचे झाड आणून ठेवायचे म्हणजे वाळवंटातला उंट भाताच्या चिखलणीला जुंपण्यासारखे आहे.

सुनेने विचारले, "मग साहेब, हिमालयातला जुनिपर आपल्याच देशातला आहे. तो जपानच्या झाडापेक्षा बरा राहील ना?"

प्रश्न हुशारीचा होता. पण झाडाचे अंतर मैलांत मोजायचे नसते, उंचीत आणि पावसात मोजायचे असते. दर हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. तीन हजार मीटरवरची हिमालयी जात आणि खरवईचे अंगण यांत जवळजवळ वीस अंशांचा फरक पडतो. आफ्रिकेत जुनिपरची एक जात विषुववृत्ताच्या पलीकडेही गेली आहे, पण तीही राहते डोंगरातच. याउलट जपानच्या दक्षिणेकडील समुद्रकाठची जात मैलांनी कितीतरी दूर असूनही आपल्याला हवामानाने त्यातल्या त्यात जवळची. कोणी म्हणेल, मग माथेरानला ठेवू. तिथे गारवा थोडा मिळेल, पण पाऊस आपल्यापेक्षाही जास्त.

कोणती जात किती तग धरते

जातीजातींत फरक आहे, आणि तो न विचारता "जुनिपर" एवढ्याच नावाने रोप घेणारा फसतो.

आपल्या रोपवाटिकांत बहुधा मिळतो तो चायनेन्सिस, म्हणजे चीन, कोरिया व जपानकडचा. सूचिपर्णी झाडांत आपल्याकडे प्रयोग करायचा तर पहिली निवड हीच. पाण्याचा निचरा आणि दुपारची सावली सांभाळली तर तो वर्षानुवर्षे राहू शकतो, पण वाढ हळू.

दुसरा प्रोकम्बेन्स, त्यातही 'नाना' नावाचा बुटका प्रकार. हा जमिनीसरपट पसरणारा, मूळचा जपानच्या समुद्रकाठचा. ऊन आणि खारा वारा सोसतो. अमेरिकेच्या उष्ण भागांतही लोक तो बागेत लावतात. त्याचा शत्रू एकच, मुळाशी साचलेले पाणी.

तिसरा शिम्पाकू. हा चायनेन्सिसचाच डोंगरकड्यावरचा प्रकार आणि जपानी बोन्सायमधला सर्वांत मानाचा. चित्रांत दिसतात ती पांढऱ्या खोडाची झाडे बहुतेक यांचीच. त्याचे इटोइगावा, किशू असे प्रकार नावाने विकले जातात. आपल्याकडे तो महाग मिळतो आणि फार जपावा लागतो. हौशी माणसाने एखादा ठेवावा, धंद्याच्या भरवशाने दोनशे आणू नयेत.

चौथा व्हर्जिनियाना, पूर्व अमेरिकेतला. त्याचा दक्षिणेकडचा प्रकार फ्लोरिडाच्या उकाड्यात आणि दमट हवेत वाढतो, म्हणून आपल्याला विचार करण्याजोगा. पण पाला राठ, आणि आपल्या रोपवाटिकांत सहसा मिळत नाही.

हिमालयातील स्क्वामाटा, कम्युनिस आणि सुईच्या पानांचा जपानी रिजिडा यांच्या वाटेला खरवईत जाऊ नये. परदेशी नातेवाइकाला "येताना पिशवीतून एक रोप आण" असेही सांगू नये. बाहेरून रोप आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात तसा नियम आहे. नियम उगीच नाही. जुनिपरवर एक तांबेरा राहतो, तो पुढे सफरचंद आणि नासपतीवर जातो. आपल्या हौसेपायी काश्मीर-हिमाचलच्या बागायतदाराला ताप कशाला? तसेच हिमालयात फिरायला गेलेल्यांनी रानातले झाड उपटून आणणे हाही गुन्हा ठरतो.

हिरवे, पण मेलेले

एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. मुळे कुजून गेली तरी पाला लगेच गळत नाही. जास्वंद सुकली की दोन दिवसांत कळते, जुनिपर सुकला की दोन महिन्यांनी कळते. विकणाऱ्यालाही कधीकधी ठाऊक नसते. म्हणून घेताना पाहावे. फांदीच्या टोकाला पोपटी रंगाची नवी वाढ आहे का? पाला हाताला मऊ, लवचीक लागतो की खरखरीत, ठिसूळ? बारीक फांदीवर नखाने ओरखडा काढला तर आत ओली हिरवी साल दिसते का? कुंडीतली माती चिखलासारखी तर नाही? ही चार लक्षणे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

खरवईतले वर्ष

एवढे सांगूनही ज्याला प्रयोग करायचाच आहे त्याने वर्षाचा क्रम असा ठेवावा.

माती म्हणून शेतातली काळी माती मुळीच वापरू नये. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले पानखत असे मिश्रण करावे. पाणी घातले की ते कुंडीच्या भोकातून लगेच बाहेर आले पाहिजे.

जून ते सप्टेंबर कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत. फळीवर किंवा विटांवर ठेवाव्यात आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर करावे, म्हणजे उजेड मिळेल पण धार लागणार नाही. बाजू मोकळ्या असाव्यात, वारा खेळला पाहिजे. कोंदट जागेत बुरशी येते, फांद्यांची टोके तपकिरी होतात. अशी टोके कापून जाळावीत. या दिवसांत खत देऊ नये.

ऑक्टोबरचे ऊन अंगावर येते. छप्पर काढायचे ते एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू काढावे. मग थोडी कुजवलेली पेंड द्यावी.

डिसेंबर-जानेवारी हाच खरा कामाचा काळ. कुंडी बदलायची ती आता. मुळांचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग कापू नये. कुंडी बदलली त्या वर्षी फांद्यांची मोठी छाटणी करू नये. एका वेळी एकच घाव. फांदी वळवायला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात. ती सालीत रुतू लागली की कापून काढावी, उलगडत बसू नये. फांदीवरचा सगळा हिरवा पाला कधीही काढू नये. वडाच्या नागड्या फांदीला धुमारे फुटतात, जुनिपरच्या फुटत नाहीत, ती फांदी मरतेच. फार छाटले तर झाड पुन्हा लहानपणचा टोचरा पाला काढू लागते.

मार्चपासून दुपारची सावली हवी. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. सकाळचे चार-पाच तास ऊन मात्र हवेच. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पाला धुरकट दिसतो. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर बारीक ठिपके चालू लागले तर समजावे कोळी आहे. पाल्यावर, खालच्या बाजूनेही, पाण्याचा जोरदार फवारा दिला तर बराच कमी होतो. आणि एक, झाड घरात टीव्हीच्या शेजारी ठेवू नये. पाहुणे आले तर दोन तास आणावे, पुन्हा बाहेर ठेवावे.

घरात शेळ्या-गुरे असतील त्यांना आणखी एक सूचना. जुनिपरच्या काही जातींचा पाला विषारी असतो आणि तो खाऊन गाभण जनावर गाभडू शकते. छाटणीचा पाला गोठ्याजवळ टाकू नये.

ज्यांनी गाव सोडले

बोन्साय म्हटले की जपानचे नाव निघते, म्हणून तिथलीच दोन उदाहरणे देतो. १९२३ साली टोकियो परिसरात मोठा भूकंप झाला. तिथल्या काही बोन्साय करणाऱ्यांनी त्यानंतर शहर सोडले आणि चांगले पाणी, मोकळी हवा आणि योग्य माती पाहून ओमिया येथे १९२५ मध्ये बोन्सायचे गाव वसवले. झाडाला आपल्याकडे ओढण्याऐवजी माणसे झाडाच्या सोयीच्या जागी गेली. दुसरे उदाहरण शिकोकू बेटावरच्या किनाशी गावचे. तिथे शेतकरी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या शेतात ओळीने पाइनची झाडे लावून बोन्साय तयार करतात. तो पाइन त्यांच्याच किनाऱ्यावरचा. आपल्याकडे कोबी-फ्लॉवरचे वाफे तसे त्यांचे बोन्सायचे वाफे.

किनाशीकडून शिकायचे ते हेच. त्यांनी आपल्या मातीतले झाड घेतले आणि त्यावर मेहनत केली. आपण त्यांचे झाड आणतो आणि मेहनत मात्र वाया घालवतो.

आपल्या मातीत काय कमी आहे? खरवईत कुठल्याही जुन्या भिंतीकडे पाहा. पाखरांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ, वड, उंबर उगवलेले असतात. मूठभर चुन्यावर वर्षानुवर्षे जगलेले ते झाड निसर्गानेच केलेले बोन्साय असते. भिंत पाडताना ते फेकून देतात. मालकाला विचारून मुळासकट काढले तर फुकटात चांगले खोड मिळते. पिंपळ-वडाला कुंडीत ठेवू नये असे अनेक घरांत मानतात. त्या भावनेचा मान ठेवावा. मग नांदरूक आहे, चिंच आहे, कुंती आहे, बोगनवेल आहे, रानातले करवंद आहे. ही झाडे आपला पाऊस पितात, आपला उन्हाळा सोसतात आणि छाटली तरी पुन्हा फुटतात. ज्याला सूचिपर्णी झाडाचेच रूप हवे त्याच्यासाठी सुरू आहे. कोकण किनाऱ्यावर वाऱ्याला अडवायला लावतात तोच सुरू. तो खरा सूचिपर्णी नाही, पण दिसतो तसा, वाढतो झपाट्याने आणि तार घालून हवा तसा वळवता येतो.

आणि बदलापूरच्या शेतकऱ्याच्या घरी जांभूळ आहे, ते का विसरायचे? बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नावाजलेल्या झाडाच्या काड्या घेऊन मृदुकाष्ठ कलमे करणे हे दहा गुंठ्यांत, सावलीच्या जाळीखाली, घरच्या बाईमाणसांना जमण्यासारखे काम आहे.

मी हे सगळे सांगत असताना सासरे गप्प ऐकत होते. सून वहीत लिहून घेत होती. शेवटी तिने विचारले, "म्हणजे जुनिपर आणूच नको?"

मी म्हणालो, "ताई, आणा. पण दोनशे नको, चार आणा. दोन चायनेन्सिस, दोन नाना. कर्ज काढून नको, बचतीतून आणा. दोन पावसाळे काढले तर पुढचे बोलू. तोवर धंदा नांदरूक आणि जांभळाच्या कलमांवर चालू दे."

तिने तसेच केले. पहिल्या पावसाळ्यात चारांपैकी एक नाना गेला. कुंडी छपराच्या कडेला होती, पागोळी रात्रभर तिच्यात पडत राहिली. बाकीची तीन आहेत. वाढ बोटभर, पण पाला चांगला. नांदरुकाची साठ रोपे मात्र हां हां म्हणता कुंड्यांत उभी राहिली, आणि त्यांतली काही वांगणीच्या एका रोपवाटिकेने घेतली. पैसा फार नव्हता, पण कर्जाचा हप्ताही नव्हता. जांभळाची कलमे सासऱ्यांनी स्वतःच्या हाताखाली घेतली आहेत. कुठल्या झाडाचे जांभूळ गोड, कोणाचा गर जास्त, हे गावात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

वाचकांपैकी कोणाच्या मनात असा एखादा नवा बेत असेल तर प्रथम त्या झाडाचे माहेर कुठले ते विचारा. तिथे पाऊस किती, थंडी किती, रात्र कशी, हे समजून घ्या. मग आपल्या अंगणाशी ताळा जमवा. ताळा जमला नाही तर चार रोपांवर हौस भागवा आणि जमीन व भांडवल आपल्या मातीच्या झाडाला द्या. रोपे घ्यायला जाल तेव्हा नखाने साल ओरखडून पाहायला मात्र विसरू नका.